दिसला नाही तर लाल

एका सकाळी पोहे खाता खाता माझी लेक म्हणायला लागली, "झेड, के, डी, व्ही, सी. ओ, एन, एच, एस, आर." रविवारी विहारात वंदना म्हणते ना, अगदी त्याच चालीत. डोळे मिटलेले, मान डोलते आहे, फक्त हात जोडायचे बाकी.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"पापा का है," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती हिंदीतच. "पापा रोज स्कूटर पे बोलते हैं. मुझे भी याद हो गया."

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी काय पाठ केलंय आणि काय समजून घेतलंय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. ही अक्षरं मी कुठे ऐकली होती तेही मला लगेच आठवलं. नागपूरच्या हॉस्पिटलात, अंधाऱ्या खोलीत, भिंतीवर उजळलेल्या तक्त्यासमोर माझा नवरा एक डोळा झाकून बसतो आणि मी मागच्या खुर्चीवर पर्स धरून बसते, तिथे. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शर्टाची बटणं लावत होता आणि त्या बटणांत त्याचं इतकं लक्ष होतं की जणू आयुष्यात पहिल्यांदाच बटण बघतो आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा राग समजायचा तर आधी माझा नवरा समजावा लागेल, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन ते काम मलाही पुरतं जमलेलं नाही.

तो मालगाडीचा लोको पायलट होता. जबलपूरमध्ये आमच्यासारखी विदर्भातून आलेली घरं बरीच आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांचा कुणी ना कुणी रेल्वेत असतोच. पण इंजिन चालवणाऱ्याचं घर वेगळं असतं. इंजिनात दोघं असतात. पुढचा सिग्नल दिसला की एकानं हात पुढे करून त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा, आणि दुसऱ्यानं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघून परत म्हणायचा. ऐकून नाही, बघून. नवऱ्यानं ही सवय घरी आणली. चौकातला दिवा दिसला की स्कूटर चालवता चालवता हा ओरडतो, "लाल!" मागून पोरगी ओरडते, "लाल!" शेजारच्या रिक्षातले लोक वळून बघतात. मी मध्ये बसलेली असले तर दोन्ही कानांत एकदमच ओरडा. लेक अगदी लहान होती तेव्हापासून ती त्याची असिस्टंट, आणि हे पद तिला शाळेतल्या मॉनिटरपेक्षा मोठं वाटतं.

त्यांची रोजची उजळणीही ठरलेली.

"असिस्टंट, सिग्नल जिथं पाहिजे तिथं दिसलाच नाही तर?"

"लाल!"

"काहून?"

"जो नहीं दिखा वो लाल!"

हा खराच नियम आहे. सिग्नल विझलेला असला, धुक्यात हरवला, नीट कळला नाही, तर तो लालच धरायचा आणि गाडी उभी करायची. अंदाज नाही, आशा नाही. असा नियम रोज पाळणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीत इतका लबाड कसा होऊ शकतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

डोळ्याच्या दुखण्याची पहिली चाहूल लागली ती बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत. एका कपड्याच्या दुकानाबाहेर टांगलेल्या पडद्यांमध्ये स्कूटरचं डावं हँडल अडकलं आणि दुकानाची अर्धी शोभा आम्ही ओढत सोबत घेऊन निघालो. दुकानदार धावत आला. "भैया, दिखता नहीं क्या?" नवरा उलट त्याच्यावरच डाफरला, की पडदे रस्त्यात टांगतात का? घरी आल्यावर मी विचारलं, डावीकडचं दिसत नाही का तुम्हाला? म्हणाला, "सब ठीक है. तू उगीच डोक्याला ताप करून राहिली."

तेव्हा त्याचं रेल्वेचं मेडिकल जवळ आलं होतं. इंजिनवाल्यांच्या घरात मेडिकल म्हणजे बोर्डाची परीक्षा. डोळ्यांत नापास झालं की इंजिनवरून खाली. त्यामुळे महिनाभर आधीपासून घरात गाजरं येतात, मोबाईल बंद होतो, गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या जातात. आणि आधी जाऊन आलेल्यांना फोन होतात, की तक्त्यावर खालच्या ओळीत काय आहे. कुणी कबूल करणार नाही, पण मी त्या घरात राहते. नवऱ्यानंही तक्ता पाठ केला आणि धडाधड म्हणून दाखवला. पण रेल्वेचे डॉक्टर तितकेच पक्के निघाले. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकून आत दिवा मारून बघितलं. अक्षरं सगळी बरोबर आणि डोळ्यामागचा पडदा सगळा बिघडलेला. त्याच दिवशी त्याला इंजिनवरून उतरवलं. आता तो लॉबीत बसतो. लॉबी म्हणजे गाडीवर जाणारे ड्रायव्हर जिथं हजेरी लावतात ती जागा. तिथे बसून तो दिवसभर दुसऱ्यांना गाडीवर जाताना बघतो.

आजाराचं नाव दोन परदेशी डॉक्टरांचं आहे आणि मला ते अजून एका दमात म्हणता येत नाही. डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या गुंत्याच्या गाठी येतात. त्या गाठी पाझरतात, पडदा सुजतो, मग दिसेनासं होतं. कधी मेंदूत येतात, कधी मूत्रपिंडात. आणि हे आईबापांकडून मुलांकडे येतं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात अजून कुणाला डोळ्यांचा त्रास? नवरा म्हणाला, नाही. मी म्हटलं, अहो, तुमच्या आईंना एका डोळ्यानं दिसत नव्हतं. तर म्हणतो, "तिला देवी आल्या होत्या ना लहानपणी." सासूबाईंच्या चेहऱ्यावर देवीचा एक व्रण नव्हता. मी त्यांना लोण्यासारख्या गालांची बाई म्हणूनच ओळखत होते. पुढे त्या डोक्यातल्या गाठीनं गेल्या, तेव्हा सगळे म्हणाले मेंदूला ताप चढला. एका घरात एकच आजार दोन पिढ्या राहत होता आणि आम्ही त्याला दरवेळी नवीन नाव देऊन बसवत होतो.

मग लेकीचं रक्त तपासलं. तिच्यातही तोच दोष निघाला. त्या दिवशी मी रडले, आणि मग जी चिडले ती आजतागायत चिडलेलीच आहे.

डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे तपासून सांगितलं, "आज दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. पण गाठ कधीही येऊ शकते. लहान असताना सापडली तर लेसरनं जाळून टाकू, डोळा वाचेल. मोठी झाल्यावर सापडली, तर मग पापांसारखं होईल. मी वर्षातून एकदा बघणार, पण रोज बघणारी तीच आहे ना? थोडंसं जरी धुरकट दिसलं, तर त्याच दिवशी तिनं तुम्हाला सांगायला पाहिजे. एवढी एक गोष्ट तिला शिकवा."

एवढी एक गोष्ट. मी ती सांगून सांगून थकले. रोज रात्री जेवताना विचारायचे, नीट दिसतं ना? पोरगी म्हणायची, हां मम्मी. मला वाटायचं, चला, निदान हे तरी मार्गी लागलं.

नवऱ्याच्या डाव्या डोळ्यातली गाठ मात्र डोळ्याच्या मुख्य नसेला चिकटून बसली होती. तिथे लेसर मारला तर नसच जळणार. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे एक प्रयोग चालू आहे. दोन औषधं आहेत. एक नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं. दुसरं त्या वाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी सैल करतं. एकट्या पहिल्या औषधाचा या आजारात फारसा उपयोग दिसला नाही, म्हणून दोन्ही एकत्र देऊन बघायची. थोडेच रोगी आहेत, कारण हा आजारच थोड्यांना होतो. "दोन्ही मिळून डोळ्याला त्रास होतो का, हे आम्हाला आधी बघायचंय. नजर परत येईल असं मी म्हणत नाही," असं त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या. मी स्वतः ऐकलं. बाहेर आल्यावर नवरा फोनवर आपल्या वडिलांना सांगतो, "बाबा, नजर परत येणार म्हणून राहिल्या मॅडम."

मी कपाळावर हात मारला.

प्रयोगाची बातमी कॉलनीत पसरली आणि प्रत्येकाच्या अंगात वैद्य संचारला. समोरच्या दीदींनी त्रिफळ्याचं पाणी आणून दिलं. कुणी म्हणालं भेडाघाटला जाऊन नर्मदेच्या पाण्यानं डोळे धुवा. मझौलीकडे कुणी एक जण डोळ्यात पाल्याचा रस पिळतो आणि तीन गावांचे चष्मे त्यानं उतरवलेत, हे मला एकाच आठवड्यात वेगवेगळ्या लोकांनी शपथेवर सांगितलं. ज्या डोळ्यात साधा नळाच्या पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, त्याच डोळ्यासाठी ही सगळी औषधं. मी प्रत्येकाला हसून "अच्छा, अच्छा" म्हणायचे आणि दार लावून भिंतीशी भांडायचे.

इंजेक्शनच्या वेळी आम्ही बालाघाटमार्गे नागपूरला जायचो आणि माझ्या माहेरी उतरायचो. सुन्न करणारे थेंब टाकायचे. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा लावायचा. चेहऱ्यावर एक भोक असलेलं निळं फडकं टाकायचं. मग एक सुई, थोडं थांबून दुसरी. मी एकदाच दाराच्या काचेतून बघितलं आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही. नवरा डोळ्यावर पट्टी लावून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "कुछ नहीं, मच्छर काटा." पण स्ट्रेचरची कड धरून त्याच्या बोटांवर वळ उठलेले असायचे. धीट आहे, त्यात वाद नाही. म्हणूनच तर राग येतो. भित्रा असता तर मी समजून घेतलं असतं.

दर खेपेला सुईच्या आधी तक्ता वाचायचा. तक्ता घेणारी एक तरुण मुलगी होती, फार गोड बोलायची. आणि दर खेपेला नवऱ्याची अक्षरं वाढत गेली. पहिल्यांदा वरच्या दोन ओळी. नंतर आणखी एक. मग अजून एक. मुलगी टाळ्या वाजवायची तेवढी बाकी होती. जबलपूरला परतल्यावर नवरा बडा फुहाऱ्यावरून खोव्याची जलेबी घेऊन आला आणि त्यानं ती सगळ्या लॉबीत वाटली. सासरे म्हणाले, पोरगा परत इंजिनवर चढतो आता. मलाही वाटलं, हो, खोटं कशाला सांगू? मी शाळेत बायकांना सांगून आले. एवढी खूश होते मी.

फक्त डॉक्टरीणबाई खूश नव्हत्या. पडद्याचे फोटो पुढ्यात घेऊन त्या बराच वेळ बसायच्या. एकदा म्हणाल्या, "सूज आहे तिथंच आहे, उलट थोडी वाढून राहिली. आणि अक्षरं वाढतात. डोळा मला एक सांगतो आणि तक्ता दुसरंच सांगतो." नवरा म्हणाला, "मॅडम, फोटो से क्या होता है, दिखने से मतलब है." त्या हसल्या नाहीत.

आणि मग ती पोह्यांची सकाळ. झेड, के, डी, व्ही, सी.

लेक शाळेच्या बसमध्ये बसली आणि मी दार लावलं. "तुम्ही तक्ता पाठ केला?"

"पाठ कुठं केला? दर वेळी तोच तर लावतात. खोलीत शिरताना दोन्ही डोळ्यांनी दिसतो. बसून गेला डोक्यात."

"आणि मग एका डोळ्यानं वाचल्यासारखं करायचं?"

"सगळेच करतात."

"अहो, सगळे कोण? ते मेडिकल होतं. हे मेडिकल आहे का? इथं तुम्हाला कुणी पास-नापास करून राहिलं का? नापास झालं तर औषध नापास होईल, तुम्ही नाही!"

तो बुटाची नाडी बांधत राहिला. मग हळूच म्हणाला, "फायदा नाही दिसला तर सुया बंद करतील. मग काय राहिलं माझ्याकडे? लॉबीची खुर्ची?"

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटल्यानं माझा आवाज खाली येत नाही, उलट चढतो. मी म्हटलं, "आणि उद्या आपल्या पोरीला हेच औषध द्यायची वेळ आली तर? तुमचे आकडे बघून देतील ना? तुमच्या पाठांतरावर तिच्या डोळ्यात सुई टोचणार?"

"सुई माझ्या डोळ्यात जाते. तुझ्या नाही."

"मी सांगणार आहे डॉक्टरीणबाईंना."

"सांग. उद्या बंद केलं आणि डोळा गेला, की मग तूच उत्तर दे."

बावीस मुलांचा गोंधळ एका नजरेत गप्प करणारी बाई मी, आणि स्वयंपाकघरात फोडणीची कढई धरून नुसती उभी. डबा घेऊन तो लॉबीला गेला. दिवसभर मी शाळेत ज्याला त्याला ओरडले. प्रयोगवहीत आकृती पेन्सिलऐवजी पेननं काढली म्हणून एका मुलीला मी वर्गाबाहेर उभं केलं, तिचा काय दोष होता?

पुढची नागपूरची खेप उन्हाळ्याच्या सुट्टीत आली. लेकीच्याही तपासणीची वेळ झाली होती, म्हणून तिघं निघालो. स्टेशनला जाताना चौकात नवरा ओरडला, "लाल!" मागून लेक म्हणाली, "लाल." नंतरच्या चौकात, "हिरवा!" "हिरवा." काहीतरी खटकलं, पण सामान, तिकिटं आणि डोक्यातलं भांडण यात ते निसटलं. आधी ती त्याच्याही आधी ओरडायची. बापाला हरवणं हाच तर तिचा खेळ होता.

गाडीत मी आणि नवरा एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. मी मनात वाक्य तयार करत होते. डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची. सांगावंच लागणार होतं, आणि सांगितलं की घरी जे होणार होतं तेही मला दिसत होतं.

पण माझ्यावर ती वेळ आली नाही. तक्त्याच्या खोलीत आम्ही तिघंही होतो. ती गोड मुलगी म्हणाली, "आज आधी छोटीचं करून घेऊ." तिनं भिंतीवर दुसरा तक्ता लावला. लेकीनं उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्यानं वाचायला लागली. सावकाश, अडखळत, पण बरोबर. शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मुलगी म्हणाली, शाब्बास. मग डावा डोळा झाकला.

वरच्या दोन ओळी तिनं नीट वाचल्या. तिथे ती थांबली. मग एकदम तिचा आवाज मोठा आणि सरळ झाला, वंदनेच्या चालीत. "झेड, के, डी, व्ही, सी. ओ, एन, एच, एस, आर."

तक्तावाली मुलगी हसली. "बेटा, बघून वाच. हे इथं लिहिलेलंच नाही."

लेकीनं डोळ्यावरचा हात खाली घेतला. तिनं बापाकडे पाहिलं.

"ये तो पापावाला है," ती शेवटी म्हणाली. "इस आँख से नीचे का दिखता नहीं, तो पापावाला बोल दिया."

तक्तावालीचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. तिनं आधी लेकीकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि मग कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या त्या दुसऱ्या तक्त्याकडे. मला काहीच सांगावं लागलं नाही.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"होली के बाद से."

"अगं, मी रोज विचारते! सांगितलं काहून नाही?"

ती रडायला लागली. "पापा फेल हो गए तो उनको इंजन से उतार दिया ना. मैं फेल हो गई तो पापा मुझे असिस्टेंट नहीं रखेंगे."

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला अर्धवट गोष्टींचा राग आहे आणि तो इतरांनाही येत असेल. लेकीच्या उजव्या डोळ्यात पडद्याच्या कडेला एक गाठ सापडली. गाठ लहान होती, पण तिच्यातून झिरपलेलं पाणी मधल्या भागापर्यंत येऊन पोचलं होतं. "अजून थोडं थांबलो असतो तर..." एवढं म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या. गाठ कडेला होती म्हणून लेसर करता आला. पाणी हळूहळू ओसरलं, आणि आता ती त्या डोळ्यानं जवळपास पूर्वीसारखं वाचते. दुसरी येणार नाही असं कुणी म्हणत नाही. नवऱ्याच्या डोळ्यात गाठीभोवतीचा पडदा ओढला जायला लागला होता. सुया तिथेच थांबवल्या. त्याला दोन महिन्यांपासून त्या डोळ्यासमोर एक काळी कड दिसत होती, हेही तेव्हाच बाहेर आलं. त्याच्या डोळ्यात ती दोन औषधं चालली नाहीत. उरलेली थोडी नजर टिकली, एवढंच. तो अजून लॉबीत बसतो. त्याला मी किती आणि काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पण त्या दिवशी, त्या खोलीत, यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. मी लेकीला मागच्या खुर्चीवर मांडीजवळ घेऊन बसले होते आणि मला कुणाला तरी फटकारायचं होतं, कुणाला ते कळत नव्हतं. तक्तावाली मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुम्ही या. नंतर दोघांच्या डोळ्यांत थेंब टाकू." नवरा जाऊन खुर्चीवर बसला. त्यानं उजवा डोळा झाकला. मुलीनं सवयीनं कोपऱ्यातला नेहमीचा तक्ता उचलला.

"मॅडम, तो नको," नवरा म्हणाला. "तो पाठ आहे. दुसरा लावा."

तिनं कपाटातून तिसराच काढून लावला. नवऱ्यानं मान पुढे काढली, मग मागे घेतली, मग तिरकी केली. सर्वांत मोठ्या ओळीतली दोन अक्षरं त्यानं वाचली. एक चुकलं. पुढच्या ओळीशी तो अडला. त्याच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

"अंदाजानं सांगा ना," मुलगी म्हणाली. "इथं अंदाज केला तरी चालतो."

"आमच्यात नाही चालत," तो म्हणाला.

मग त्यानं हात पुढे केला, तक्त्याच्या दिशेनं, इंजिनात करतात तसा. आवाज फार मोठा नव्हता.

"लाल."

तक्तावाली मुलगी माझ्याकडे बघायला लागली, तिला काय लिहायचं ते समजेना. माझ्या कुशीतली लेक सरळ होऊन बसली. तिनं नाक पुसलं आणि तळहातानं आपला चांगला डोळा झाकला. दुसऱ्या डोळ्यानं तिनं तक्त्याकडे नीट बघितलं, तिचं स्वतःचं बघितलं, आणि मग परत म्हणाली, "लाल."